आत्याचा धवला आणि भाड्याचा कॅमकॉर्डर

कोपरी ते डोंबिवलीचा खाडीकाठ. ‘याला प्रवास म्हणायचं का?’ नवऱ्याने विचारलं. शनिवारी माजिवड्याच्या नाक्यावर अडकून बघ, मग बोलू, म्हटलं.

निघायचं कारण माझी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आमच्या गावातली शेवटची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणाऱ्या या बाईला मोठा मान. ती एक ओळ म्हणते, बाजूच्या बायका ती झेलतात, म्हणजे उचलून पुन्हा म्हणतात, मग ती पुढची ओळ घेते. लिहून ठेवलेलं काही नाही, सगळं डोक्यात. तिच्याबरोबर झेलणारी जनीकाकी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून आत्याने एकाही लग्नात तोंड उघडलेलं नाही. मी फोनवर म्हटलेलं, घरीच म्हण, मी रेकॉर्ड करते.

“मांडवाबिगर धवला नाय म्हनत, पोरी,” ती म्हणाली. “आन् झेलाला कोन हाय?”

मग चुलतभावाच्या, संतोषदादाच्या मुलाचं लग्न ठरलं. म्हणजे मांडव मिळाला. आत्या फक्त ‘बघू’ म्हणाली. तिचं ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हटलं, ही संधी गेली तर पुन्हा नाही, आणि मोबाइलवर तर विसंबायचंच नाही.

शनिवारी सकाळी खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीतून कॅमकॉर्डर घेतला. भाडं दिवसाला अडीच हजार, शिवाय आधार कार्डाची प्रत. तुम्हीही घेणार असाल तर अर्धा तास हातात ठेवून जा, कारण दुकानदार शिकवतो आणि चांगलं शिकवतो. लेन्स बदलायची भानगड नाही. अंगठ्याखालच्या पट्टीने झूम हळूही होतो, झटकनही. ऊन जास्त असेल तर बाजूचं चाक फिरवायचं, आत काळी काच येते. दोन कार्डं एकाच वेळी भरतात, एक बिघडलं तरी दुसरं शाबूत. व्हिडिओ चालू असतानाच बटण दाबून फोटोही निघतो. तो फोटोच्या कॅमेऱ्याइतका देखणा येत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

“आणि ताई, आवाज दोन वेगवेगळे घेतो हा,” तो म्हणाला. “एका चॅनलला छोटा माइक, तो बाईंच्या पदराला लावा. दुसऱ्याला कॅमेऱ्यावरचा. फक्त कॅमेऱ्यामागे बोलू नका. त्याला सगळ्यात जवळ तुम्हीच असता.”

मी मान डोलावली.

रस्त्याचं सांगते. शिळफाट्याने जाऊ नका. माजिवड्याहून नाशिक हायवे धरा, गोदामांच्या ट्रकमागून निमूट माणकोलीपर्यंत जा आणि पुलावरून खाडी ओलांडा. पूल संपला की डोंबिवली. मला सव्वा तास लागला, त्यातली चाळीस मिनिटं माजिवड्याची. पुलावर थांबायची परवानगी नाही, त्यामुळे खाडीचं शूटिंग गावातल्या गच्चीवरून केलं. झूम पुरा ओढला तर पलीकडच्या काठावरच्या बगळ्याची चोच दिसली. फार काही वाटलं नाही, पण पैसे वसूल होत होते.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट. जेवताना आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, “सुकलंस गो.” हे ती मला दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी माझं वजन वाढलेलं असतं.

चार वाजता आत्या मांडवात बसली. डीजेवाल्या पोरांना दादाने दम भरून अर्धा तास गप्प केलं होतं. मी पदराला माइक लावला, स्टँड लावला, लाल दिवा पाहिला. झेलायला दोन वयस्क बायका होत्या, पण त्यांना निम्मं येत होतं आणि उरलेल्या निम्म्यात त्या एकमेकींकडे बघत होत्या. आत्याने पहिली ओळ घेतली. आवाज चिरका झालाय, पण सूर तिथेच. माझी मात्र वेगळी लढाई चालू होती. पिवळ्या कापडातून येणाऱ्या उजेडामुळे तिचा चेहरा हळदीआधीच हळद लावल्यासारखा दिसत होता. मी चाक फिरव, रंग बदल, फोकस धर, यातच होते. मध्येच एका ठिकाणी आत्या थांबली. दमली असेल. मग तिने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, चला, क्लोजअप मिळाला.

धवला संपला. डीजे सुरू झाला. त्यापुढचं सांगण्यासारखं काही नाही, मटण उत्तम होतं.

रविवारी सकाळी घरी परत, दुपारी कॉम्प्युटरवर लावलं. पहिला चॅनल पार गेलेला. आत्याने बसता बसता पदर कमरेला खोचला होता, माइकसकट. आमच्या बायका कामाला बसल्या की पदर खोचतात, हे मला कळायला हवं होतं. अर्धा तास नुसती कापडाची खरखर.

दुसरा चॅनल लावला. त्यात आत्या दूर, विहिरीच्या तळाशी असल्यासारखी. आणि सगळ्यावर चढून एक बाई धवले झेलत होती. दोन ओळी ऐकल्यावर कळलं, ती मीच.

मला खरंच लाज वाटली. तिचा एकुलता एक धवला आणि त्यावर मी बसलेय. बंद करणार तेवढ्यात ती थांबली होती ती जागा आली. आत्या गप्प. त्या दोघी गप्प. आणि कॅमेऱ्यामागून पुढची ओळ आली, सगळी, न अडखळता. त्यानंतर आत्याने त्याच्या पुढची घेतली. ती दमली नव्हती, विसरली होती.

ती ओळ मी कधी पाठ केलेली नाही. मे महिन्यात गावी जायचे तेव्हा प्रत्येक मांडवात आत्याच्या मांडीला टेकून पेंगायचे, एवढंच आठवतं. आता म्हणून बघितली तर पहिला शब्दही सुचेना. फोकस फिरवल्यासारखी बोटं हलवली, तेव्हा आली.

आत्याला फोन लावला. “आत्या, घोळ झालाय. तुझा आवाज नीट आलाच नाही. माझाच आलाय.”

“मना ठावं हाय,” ती म्हणाली. “मांडवान ऐकला मी.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगितला असता त गप झाली असतीस.” मग म्हणाली, “दिवा गावान लगीन हाय पुढल्या म्हैन्यान. बोलावलाय मना. नाय म्हनून सांगितलेला. आता जातंय.”

“मी कॅमेरा पुन्हा घेते. या वेळी माइक नीट लावू.”

“कॅमेरा नको आनूस,” आत्या म्हणाली. “माझ्या बाजूला बस.”