एकोडीची राणी

नाणी जमवायला बसलो आणि जमले ते किस्सेच. भंडाऱ्यात रमेशभाऊच्या पितळी भांड्यांच्या दुकानात दर रविवारी आमचा अड्डा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी शेंडे सर तिकडून येतातच. "परजिल्ह्यातले पाहुणे आले, चहा टाका," रमेशभाऊ म्हणतो. सर रिटायर्ड मास्तर, शुद्ध बोलणारे आणि दिसेल त्याला दुरुस्त करणारे.

*

रमेशभाऊच्या हाताला एक खोड. जुनं काही दिसलं की चिंच लावून घासायचं! सरांनी आपलं स्पेनचं चांदीचं नाणं त्याला बघायला दिलं. चहा संपेस्तोवर त्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा काळा रंग साफ. संग्राहकाचा जीव त्याच काळ्या रंगात असतो.

"चकाचक केलं न, सर!"

पुढचे कितीतरी रविवार सर फिरकले नाहीत.

*

एकोडीचा देवानंद एसटीत कंडक्टर. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. "मायच्या गळ्यात राणीछाप हाय."

"राणी नाही, स्पेनचा राजा. केस लांब असले म्हणून बाई होत नाही," सर म्हणाले.

देवानंदनं ते घरी सांगितलं. माय म्हणाली, "तुह्या बापानं राणी म्हणून आणली, तं थे राणीच."

*

या नाण्यांत नकली फार. कडेला छिन्नी मारून आतला धातू पाहा, असा सरांचा धोशाच होता. शेवटी देवानंद नाणं घेऊन आला, मायसकट. ती ते गळ्यातून काढायचीच नाही.

बाप गेल्यापासून भावकीत एकच बोलणं होतं. बायकोच्या गळ्यात वरून चांदी, आतून पितळ घालून गेला. माय ऐकून घ्यायची. आता तिलाच एकदाचं पाहायचं होतं.

तिनं दोरा सोडला. रमेशभाऊनं नाणं ऐरणीवर धरलं, कडेला छिन्नी टेकवली. देवानंद दाराकडे बघत उभा होता.

हातोडी वर गेली. मायनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"खोटी निंगाली तं मले सांगू नोका."

हातोडी खाली आलीच नाही. सरांनी रमेशभाऊचं मनगट धरलं होतं. त्यांनी नाणं उचललं आणि मायच्या ओंजळीत ठेवलं.

"राणी खरी हाय ना, गुरुजी?"

सर आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासारखं बोलले.

"हो माय. राणीच हाय."