भाऊंच्या निळ्याला कुलूप

कॉम्प्युटरच्या धंद्यात पैसे मागावे लागतात, किस्से न मागता जमतात! पेणला रामवाडीत माझं आणि नंदूचं दुकान होतं, नव्वदच्या दशकात. आमचे निम्मे किस्से रोह्याच्या भाऊंचे.

भाऊंचा कापडाच्या रंगांचा छोटा कारखाना. त्यांच्या निळ्याच्या फॉर्म्युल्यावर बऱ्याच जणांचा डोळा. "असा कॉम्प्युटर द्या, की चोरून नेला तरी चोराला निळा गावू नये!" आमचं हे पहिलं मोठं काम. फसलं असतं तर रोह्यात आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं.

लिनक्स टाकायचं ठरलं. फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, कुठली घ्यायची यावरून वडखळच्या हॉटेलात भाऊंच्या देखतच आमची जुंपली. नंदू म्हणे, डॉसचीच ठेवू, सवयीची आहे. मी म्हटलं, "तिच्यात कुणीही कुणाचीही फाइल उघडतो. लिनक्सची ईएक्सटी टू घे, तिच्यात ज्याची फाइल त्यालाच उघडते."

भाऊ मिसळ खाता खाता म्हणाले, "घराला खोल्या पायजेत. नुसती पडवी काय कामाची?"

ईएक्सटी टू ठरली!

तिची एक खोड होती. लाईट गेली, की पुन्हा सुरू होताना सगळी डिस्क तपासत बसायची. पहिल्यांदा ते टक्के हळूहळू चढताना बघून भाऊंनी चपला काढल्या. "बोलू नका. ती मोजतेय!"

मग एन्क्रिप्शन चढवलं, म्हणजे डिस्कला पासवर्डाचं कुलूप. पासवर्डाशिवाय काय दिसतं ते दाखवलं, स्क्रीनभर नुसता कचरा.

"ह्यात माझा निळा कुठं हाय?"

"भाऊ, हाच तुमचा निळा."

"मलाच गावत नाय, तर चोराला काय गावनार! चहा सांगा!"

एकदा सकाळीच मुकादमाचा फोन. भाऊ फोन नसलेल्या गावी गेलेले, लाईट जाऊन आलेली, मशीन पासवर्ड मागतंय, कामगार खोळंबलेत. नंदूला मागे बसवून स्कूटरवरून रोहा गाठलं. पासवर्ड आम्हालाही ठाऊक नव्हता.

मुकादम म्हणाला, "त्यो शेजारी ठेवलाय, वेणूमावशीकडं. घराची चावी बी तिच्याकडंच असते."

मावशी अंगणात सुकट वाळवत होत्या. मी हात जोडले. "मावशी, आम्हीच तो कॉम्प्युटर बसवला. तेवढा पासवर्ड सांगा."

"चावी काय कुनाच्या बी हातात देतात व्हय? चला, मीच येते."

हात धुऊन आल्या, खुर्चीत बसल्या, आम्हा तिघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एका बोटानं टक्, टक्. नंदूची मान जरा वळली. मावशींनी बोट उचललं.

"तू भायेर जा. तू हितं हायस तवर कुनाला निळा मिळायचा नाय!"

नंदू अंगणात सुकटीवरचे कावळे हाकत बसला, तेव्हा कुठे मशीन उघडलं!