हौसाकाकीचा हात

आमच्या शिरोड्यात कुळथाला भुंगा लागू नये म्हणून दोन गोष्टी लागत. एक राख आणि दुसरा हौसाकाकीचा हात. राख कुणाकडेही मिळे, हात मात्र तिचाच हवा. वैशाखात कुळीथ तीन उन्हं खाऊन तापले की तिला बोलावणं जाई. ती यायची, गुडघ्यावर हात टेकून खाली बसायची, "दमलंय गो बाय" म्हणायची आणि वस्त्रगाळ राख कुळथात चोळायला लागायची. मग मडक्यात भरणं, वर निगडीचा पाला, तोंडाला शेणमाती. तिनं बांधलेलं मडकं दिवाळीत उघडलं तरी दाणा टणक. मोबदला म्हणजे घरटी शेरभर कुळीथ.

त्या शेराशेरावर तिचं पावसाळ्याचं पोट होतं. नवरा, काशीराम, चाळीस वर्षं समुद्रावर गेलेला माणूस. त्याच्या एका अंगावरून वारं गेलं आणि तो ओटीवरच्या खाटल्यावर पडला. होडी दोन पावसाळे वाळूत कुजली. शेवटी तिच्या फळ्या तोडून चुलीला लावल्या. राख निघाली ती पांढरीशुभ्र, पिठासारखी. काशीराम अडखळत बोलायचा, तो म्हणाला, "ती राख उडवन टाकू नको गो. कुळथाक लाव. होडयेन इतकी वर्सा पोसल्यान, आता लोकांचा धान्य राखांदे."

गोवा मुक्त झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा शेजारच्या घरातली नवी सून. एरवी ज्याच्या त्याच्या घरची शेणीची राख लागे. त्या वर्षी काकी सात घरांत होडीची राख घेऊन फिरली. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. सगळा जन्म खाऱ्या वाऱ्यात काढलेल्यांना खारं वेगळं कळतच नाही.

श्रावणात पिठीसाठी मी मडकं उघडलं, हात आत घातला आणि भुंगे कोपरापर्यंत चढले. कुळीथ ओले, राखेचे गोळे झालेले, दाण्यादाण्याला भोक. मी किंचाळले. सासूबाई धावत आल्या, आत डोकावल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. दोन दिवसांत सातही घरांतून हीच बातमी.

"हौसाचो हात फिरलो," सासूबाई म्हणाल्या. "घोव पडलो तेवाच मी म्हटलंय." त्या तसं कधी म्हणाल्या नव्हत्या. पण विहिरीवर मीही तेच सांगितलं, जरा तिखटमीठ लावून. नव्या सुनेला बोलायला काहीतरी लागतं.

काकी न बोलावता आली. तिनं चिमूटभर राख जिभेवर ठेवली, पदराला तोंड पुसलं आणि चाळण मागितली. मी विचारलं, "काकी, कशान झाला ह्या?"

"हात गेलो माझो," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

मग सातही घरांचे कुळीथ तिनं एकटीनं निस्तरले. ऊन पडलं की सुपं बाहेर, सर आली की आत. पाखडायचं, पाण्यात टाकायचं, तरंगलेले फेकायचे, तळाचे चुलीवर भाजून द्यायचे. आपल्या वाट्याचे शेर तिनं मुकाट्यानं परत केले. पुढच्या वैशाखात तुला बोलावणार नाही, असं तीन घरांनी तिला तोंडावर सांगितलं. घरी गेल्यावर काशीराम रोज विचारायचा, "कुळीथ बरे आसत मा गो?" आणि ती रोज सांगायची, "बरे आसत." तिचा मला राग यायचा. इतकं सोसून घेणारी माणसं शेजाऱ्यालाही थकवतात.

एकदा मी माझी चाळण आणायला गेले. काकी मागीलदारी होती. चाळण ओटीवरच पडलेली, कडेला राखेचा गोळा चिकटलेला. काशीरामनं चांगल्या हातानं तो खरवडला आणि चाखला. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला. मी चाळण घेऊन निमूट परत आले.

नारळी पुनवेला सगळी वाडी नारळ घेऊन समुद्राकडे निघाली. वाट काकीच्या अंगणावरून. काशीराम बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, खांबाला धरून उभा होता. खाटल्यापासून तिथवर तो कसा आला देव जाणे, त्याचे गुडघे सोलले होते. लोक थांबले.

"आयका," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "हौसाच्या हाताक बोल लावू नकात. कुळीथ माझ्या होडयेन खाल्ले. राख खारी. पाणी ओढता ती."

होडीला आई म्हणणारा माणूस, आणि पुनवेच्या दिवशी तिच्याविषयी असं चारचौघांत बोलला. सासूबाईंनी मान खाली घातली.

काकी घरातून धावत आली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "तुमका कोणी सांगल्यान बोलाक? माझो हात गेलो आसतो तर गेलो आसतो. तुमच्या होडयेचा नाव तरी बरा रवला आसता!"

तेव्हा मला कळलं, की पहिल्याच दिवशी, राख जिभेवर ठेवली तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

काशीराम खांब सोडून तिच्या खांद्यावर रेलला. "होडी खंय आसा आता? जळली ती," तो म्हणाला. "हात आसा."

ती त्याला धरून हळूहळू ओटीकडे नेऊ लागली. माझ्या हातात नारळ होता आणि मला माझ्या जिभेची लाज वाटत होती. नारळ सासूबाईंकडे दिला आणि काशीरामची दुसरी बाजू धरायला मी आत गेले.