बग नंबर ४१७

"दगड दिसत नाही हा बग नाहीच. ते डिझाइन आहे," ब्रॅड म्हणाला आणि त्यानं माझ्या तक्रारीपुढे ‘कॉस्मेटिक’ असा शेरा मारला.

कॉस्मेटिक म्हणजे आमच्या धंद्यात वरवरचा दोष. बटणाचा रंग फिका आहे, अक्षर जरा तिरकं आहे, असलं काहीतरी. मी ज्याची तक्रार केली होती तो दगड मोटारीएवढा होता आणि पाण्याखाली होता.

ही २००४ सालची गोष्ट. बॉस्टनजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत होड्यांसाठी जीपीएस तयार व्हायचं. गाडीत असतो तसाच स्क्रीन, फक्त रस्त्यांऐवजी समुद्राचा नकाशा. मी तिथे टेस्टिंगची लीड होते. टेस्टरचं काम म्हणजे दुसऱ्याची चूक शोधायची आणि ती त्याला गोड शब्दांत सांगायची. मी पुण्याची, त्यामुळे पहिला भाग मला सहज जमायचा.

चूक अशी होती. नकाशा जवळून पाहिला की पाण्याखालचे खडक छोट्या चांदणीनं दिसायचे. पण झूम आउट केलं, म्हणजे जास्त समुद्र एकदम दिसावा म्हणून नकाशा लहान केला, की सगळ्या चांदण्या गायब. स्क्रीनवर गर्दी होते म्हणून त्या ब्रॅडनंच काढायला लावल्या होत्या. ब्रॅड आमचा व्हाइस प्रेसिडेंट. आमच्याकडे येण्याआधी तो शाम्पू विकायचा. समुद्र त्याला स्वच्छ, निळा आणि रिकामा आवडायचा.

आता आमचं गिऱ्हाईक कोण? किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासे पकडणारी माणसं. तिथला स्ट्राइप्ड बास नावाचा मासा राहतो खडकांच्या आसपास. म्हणजे ज्या दगडाजवळ जायचं म्हणून माणूस आमचं यंत्र विकत घेणार, नेमका तोच दगड आम्ही शोभा जाते म्हणून झाकला होता.

"यार मेधा, कोड मीच लिहिलाय, मला काय माहीत नाही?" नागपूरचा पंकज कॉफी घेताना म्हणाला. "पण सोमवारी रिलीज आहे, यंत्र बाजारात जाणार. तुझ्या ग्रीन कार्डच्या पेपर्सवर सही कोणाची लागते?"

"ब्रॅडची."

"आणि रिलीजच्या फॉर्मवर?"

"माझी."

"मग दोन्ही सह्या एकाच दिवशी करून टाका ना!"

तो हसला. मला हसू आलं नाही. ग्रीन कार्डसाठी आम्ही नवरा-बायको चार वर्षं ताटकळत होतो. नोकरी गेली की पुन्हा श्रीगणेशा. आणि सही केली, तर कोणाची तरी होडी फुटणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी भित्री आहे. फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं.

शुक्रवारी डेमो होता. मासेमारीच्या सामानाच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीतून एक बाई आणि एक गृहस्थ खरेदीसाठी आले होते. त्यांच्यासाठी ब्रॅडनं बोट भाड्यानं घेतली. बोट वॉल्टरची. वॉल्टर सत्तरीला टेकलेला, लोकांना मासे पकडायला नेणं हाच त्याचा चरितार्थ. बोटीचं नाव डॉरथी, म्हणजे त्याची बायको. आमचा स्क्रीन त्यानं बराच वेळ निरखून पाहिला.

"निळा रंग छान आहे," तो म्हणाला. "बाकी कुठे ठेवलंत?"

ब्रॅडला तो विनोद वाटला.

मला बोट लागते. आल्याची गोळी चघळत मी सरकारी कागदी नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. वॉल्टर मागे पाहुण्यांचे गळ लावत होता. नवशिक्यालाही आमचं यंत्र कसं जमतं हे दाखवायला ब्रॅडनं चाक स्वतःच्या हातात घेतलं. स्क्रीन झूम आउट. सगळं निळं. मी कागदी नकाशा पाहिला. माझ्या तक्रारीतला ४१७ नंबरचा दगड बरोबर नाकासमोर होता.

इथे खरं सांगते. काही क्षण मी गप्प बसले. आपटू दे, असं मनात आलं. आपटला की वाद मिटला. मग समोर टांगलेल्या, बुडणाऱ्याला फेकायच्या लाइफ-रिंगवर ‘डॉरथी’ हे नाव दिसलं. हातानं रंगवलेलं, शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे दाबून बसवलेलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"दगड! अहो, दगड!" मी ओरडले. घाईत मराठीतच.

वॉल्टरला मराठी येत नव्हतं, पण आवाज कळला. त्यानं धावत येऊन ब्रॅडला बाजूला सारलं आणि इंजिन रिव्हर्सला टाकलं. बोट थरथरत थांबली.

"बघा, काही झालं का?" ब्रॅड पाहुण्यांकडे वळून म्हणाला. मग मला हळूच, "बग रिप्रोड्यूस झाला नाही. नोंद कर."

रिप्रोड्यूस म्हणजे तोच दोष पुन्हा घडवून दाखवणं. न दाखवता आला, तर तक्रार बाद. बोट वाचवून मी माझीच केस हरले होते. वर आमच्या नोंदीत वर्कअराउंडचा, म्हणजे दोष दुरुस्त न करता त्यातून काढायच्या पळवाटेचा, एक रकाना असतो. तो ब्रॅडनं तिथेच लॅपटॉप उघडून स्वतः भरला: "मेधाला सोबत न्यावे."

वॉल्टरनं घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं. थोडं बाजूला, खोल पाण्यात येऊन त्यानं नांगर टाकला.

"आपल्याला वेळ नाही," ब्रॅड म्हणाला.

"ओहोटी लागलीय. सँडविच खाऊन घ्या," वॉल्टर म्हणाला. "बोट माझी आहे."

आम्ही दोन तास बसलो. ब्रॅड स्वच्छ डिझाइनवर बोलत होता. हळूहळू त्याच्या पाठीमागचं पाणी काळपट झालं. मग शेवाळ वर आलं. मग एक काळा ओला खांदा, आणि शेवटी अख्खा दगड. त्यावर लाल, निळ्या, हिरव्या रंगांचे ओरखडे होते. होड्यांच्या तळांचा रंग. वॉल्टर ओळखीच्या माणसांची नावं घ्यावीत तसा कोणता रंग कोणाचा ते सांगत होता. एक पाणकावळा आला आणि दगडावर पंख पसरून बसला.

खरेदीला आलेल्या बाईंनी दगडाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. स्क्रीन निळाशार.

"हा यात का नाही?"

ब्रॅडनं माझ्याकडे पाहिलं. तो कंपनीत आल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला माझं मत हवं होतं.

"नंबर ४१७," मी म्हणाले. "कॉस्मेटिक आहे."

रिलीज पुढे ढकललं गेलं. पंकजनं चांदण्या परत आणायला एक दुपार घेतली. ब्रॅडच्या नव्या ब्रोशरवर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘आता खडकही दिसतात!’ माझ्या ग्रीन कार्डच्या पेपर्सवर त्यानं सही केली, न वाचता, बाकी सगळ्यावर करायचा तशीच. मी घाबरून काढलेल्या कितीतरी रात्री फुकट गेल्या.

नव्या टेस्टर्सना मी एवढंच सांगते. ओरडायचं ते लगेच ओरडा, पण लोकांना पटायला ओहोटीपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा डबा सोबत ठेवा. ४१७ रीतसर बंद झाला. वर्कअराउंडचा रकाना मात्र कोणी पुसला नाही. मी नोकरी सोडली त्या दिवशी मुद्दाम उघडून पाहिला. तिथे अजून लिहिलेलं होतं, मेधाला सोबत न्यावे.