नटावरची लाल रेघ

माझ्या आत्याने आयुष्यात कधी नखं रंगवली नाहीत. पण लाल नेलपॉलिशच्या बाटल्या तिच्याइतक्या कुणी रिकाम्या केल्या नसतील. कोपऱ्यावरची दुकानदारीण तिला दर वेळी विचारते, एवढा नट्टापट्टा कुणासाठी? आत्या म्हणते, नटांसाठीच.

ते अगदी खरं आहे. आत्या आणि माझे वडील मिळून घरगाड्या दुरुस्त करतात. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर: पुढे स्टिअरिंग, मागे पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि दोन माणसं एकदम उभी राहू शकणार नाहीत अशी मोरी. इंजिन, ब्रेक आणि चाकं वडिलांकडे. दिवे, पंप, गॅसची नळी, छतावरचं सोलर आणि घराची वेगळी बॅटरी आत्याकडे. गाडी चालते ती तुझ्या बापामुळे, तिच्यात राहवतं ते माझ्यामुळे, असं ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. यावर वडील म्हणायचे की चाललीच नाही तर राहणार कुठे, आमच्याच अंगणात?

आत्या या कामात शिरली ती शिवणकामातून. ती घरगाड्यांच्या गाद्यांना खोळी शिवायची, खिडक्यांना पडदे लावायची. पडद्याची दांडी बसवताना भिंतीच्या आतून गेलेल्या तारा दिसायच्या. ही तार कुठून येते आणि कुठे जाते, हे ती तेव्हाच्या वायरमनला इतक्या वेळा विचारायची की शेवटी त्याने कंटाळून तिच्या हातात मीटर दिला. दोन वर्षांनी तो दुसरीकडे गेला, मीटर आत्याकडेच राहिला. शिवणकामाची शिस्तही राहिली. तिने ओढलेल्या तारा सरळ टीप घातल्यासारख्या दिसतात.

घरगाडी दिवसभर हादरत असते. हादऱ्याने नट ढिले होतात, आणि ढिला नट वरून पाहून कळत नाही. म्हणून आत्या नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढते. नट हलला तर रेघ तुटते. रेघ अखंड असेल तर नट जागचा हललेला नाही. वर्कशॉपमध्ये तिला सगळे ‘नेलपॉलिश’ म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. वडीलसुद्धा गाडीखाली वाकून म्हणायचे, ताईची रेघ आहे, पुढे चला.

आमच्याकडे सगळं काम या रेघेवर चालायचं. आणि त्या वर्षी आत्या अडली तीही या रेघेवरच.

गाडी होती एका निवृत्त जोडप्याची. बाई चाळीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. नवरा भूगोलाचे शिक्षक. आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या नद्या प्रत्यक्ष बघायच्या म्हणून दोघांनी घर भाड्याने दिलं आणि घरगाडी घेतली. सरांचा झोपेत श्वास अडकतो. त्यासाठी रात्री नाकावर मास्क लावून एक छोटं यंत्र चालू ठेवावं लागतं, आणि ते यंत्र चालतं घराच्या बॅटरीवर. तेच यंत्र पहाटे मध्येच बंद पडू लागलं.

सगळ्याच रात्री नाही. कधी आठवड्यातून एकदा, कधी लागोपाठ दोनदा. सिस्टरांनी कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या होत्या: तीन पन्नास, चार दहा, चार पंचवीस. पहिल्यांदा गाडी आली तेव्हा आत्याने बॅटरी तपासली, जुनी होती, बदलली. सहा आठवड्यांनी गाडी परत आली. वडील दारातूनच म्हणाले, "ताई, तुझी लेक माहेरी आली बघ." आत्याने चार्जिंगचा डबा बदलला. तारा पुन्हा तपासल्या, रेघा बघितल्या. गाडी चार दिवस आमच्या अंगणात उभी होती आणि चारही दिवस मीटरवर आकडे शहाण्या मुलासारखे दिसत होते.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा वडिलांनी माहेरची गंमत केली नाही.

सिस्टर खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं की त्या आता पहाटे तीनला गजर लावून उठतात आणि उजाडेपर्यंत नवऱ्याच्या छातीकडे बघत बसतात. अशा फिरण्यात काही अर्थ नाही. शनिवारी एकजण गाडी बघायला येणार आहे, पसंत पडली तर देऊन टाकायची. तोवर गाडी इथे ठेवा. शक्य झालं तर दुरुस्त करा, म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक नको. त्या हे सगळं शांतपणे बोलल्या. सर मागे उभे राहून भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीतला डोंगर बघत होते. तो डोंगर कुठला, हे त्यांना नक्की माहीत असणार. पण त्यांनी सांगितलं नाही.

तो बुधवार होता. आत्याने इतकंच म्हटलं की शनिवारपर्यंत गाडी कुणाला दाखवू नका.

वडिलांना ते आवडलं नाही. दोनदा हात टेकले, तिसऱ्यांदा कशाला शब्द द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या तारा नव्याने ओढायला पंधरा दिवस लागतील, तीन दिवसांत काय होणार? आत्या ऐकून घेत होती आणि सोफ्याची गादी काढून बॅटरीचं झाकण उघडत होती. तिची ही जुनी पद्धत आहे. भांडण चालू असताना तिचे हात दुसरीकडे असतात.

बुधवार गेला. गुरुवारी दुपारपर्यंत तिने प्रत्येक लाल तारेचा माग काढला. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत, फ्यूजपासून दिव्यापर्यंत, पंपापर्यंत, यंत्राच्या सॉकेटपर्यंत. कुठेही काही नव्हतं. मी सुट्टीला आले होते. विजेरी धरणं आणि झाकणांचे स्क्रू वाटीत जपून ठेवणं एवढंच माझं काम. आत्या बोलत नव्हती. ती बोलत नसली की वडील उगाच हातातले पाने मोठ्याने ठेवतात.

दुपारी सिस्टर सरांची औषधं न्यायला आल्या, ती गाडीतच राहिली होती. आत्या जमिनीवर मांडी घालून मीटर बघत बसली होती. सिस्टरांनी विचारलं, काय म्हणतोय पेशंट? आत्या म्हणाली, आकडे उत्तम आहेत. सिस्टर जरा हसल्या.

"झोपून असलेल्या माणसाची नाडी चांगलीच लागते, बाई. आम्ही त्याला आधी दोन जिने चढवायचो, मग हात धरायचो."

औषधांची पिशवी घेऊन त्या निघून गेल्या.  मग आत्या उठली आणि आधी अंगणातल्या भिंतीतून गाडीला लावलेली वीज काढली. आमच्याकडे गाडी आली की कुणीही न सांगता ती वीज जोडली जाते. पाहुण्याला पाणी द्यावं तशी सवय. त्यामुळे गाडी इथे असताना तिची बॅटरी कायम भरलेली असायची. आत्याने सगळे दिवे लावले. फ्रिज चालू केला, पंखा, पंप, मोरीतला नळ, यंत्र. गाडी एकदम नांदती झाली. नळाचं पाणी खाली बादलीत पडू लागलं आणि दिवे किंचित पिवळे पडले. इतके किंचित की मला वाटलं, ढग आला.

"दिसलं?" आत्याने विचारलं. मी मान हलवली.

त्यानंतर तिने जे केलं ते करायला ती इतके दिवस विसरली होती. वीज बॅटरीतून निघून यंत्रापर्यंत जाते आणि परत बॅटरीकडे यावी लागते. जाण्यासाठी लाल तारा असतात. परत येण्यासाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. बॅटरीची जाड काळी तार खाली त्या सांगाड्यावर एका बोल्टने आवळलेली असते. आत्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर ठेवली आणि दुसरी सांगाड्यावर. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवा होता. दिसला दीड. परतीच्या वाटेवर कुठेतरी दीड व्होल्ट अडत होते.

ती गाडीखाली सरपटत गेली, मी विजेरी घेऊन तिच्यामागे. पायरीच्या मागच्या बाजूला तो बोल्ट होता. काळी तार, तिच्यावर नट, आणि नटावरून सांगाड्यापर्यंत उतरलेली, कुठेही न तुटलेली लाल रेघ.

आत्या त्या रेघेकडे बघत राहिली. या रेघेपर्यंत ती आधी दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा रेघ बघून परत फिरली होती.

नट काढला तेव्हा खाली चकचकीत लोखंड नव्हतं. काळा रंग होता. गेल्या वर्षी गंज लागू नये म्हणून आमच्याच वर्कशॉपमध्ये गाडीच्या तळाला रंग मारला होता. रंग मारायचा तर तार काढावी लागते आणि परत लावताना त्या जागेचा रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं. हे कामाला लागल्या दिवसापासून आत्याला माहीत आहे. नट घट्ट होता, पण तो रंगावर घट्ट होता. जेमतेम वीज बोल्टच्या आट्यांतून निसटत परत येत होती. प्रवासात बॅटरी नीट भरत नव्हती, आणि पहाटे फ्रिजने कूस बदलून घुरघुर सुरू केली की यंत्राच्या वाट्याला पुरेसं काही उरत नव्हतं.

गाडीखालून बाहेर आल्यावर तिने वडिलांना बोलावून दाखवलं. वडिलांनी नटावर अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, रंग मारणारा बाहेरचा होता, त्याने जागा मोकळी सोडली नाही असं सांगू. ते काही खोटं नाही.

"नट त्याने नाही आवळला," आत्या म्हणाली. "रेघ माझी आहे."

त्या दिवशी खरवडायचं का राहिलं, हे मी तिला नंतर विचारलं. तिला आठवत नव्हतं. ताप होता, घाई होती, कुणी हाक मारली, यातलं काहीच तिने सांगितलं नाही. आठवत असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाली.

तिने जागा खरवडली, पॉलिश पेपरने घासली, लोखंड नव्या नाण्यासारखं निघालं. तार लावली, नट आवळला. मीटरवर शून्याच्या पुढे नुसती धूळ उरली. रेघ मात्र ओढली नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तिने सर आणि सिस्टरांना बोलावून घेतलं. आधी चूक सांगितली. रंग कुठे, नट कुठे, कुणी आवळला, दोनदा का दिसलं नाही, सगळं. वडील दारात उभे राहून हात पुसत होते. हात केव्हाच कोरडे झाले होते. सिस्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. एक प्रश्न विचारला, बॅटरी उगाच बदलली का? आत्या म्हणाली, जुनी होती ती, पण दोष तिचा नव्हता.

"वॉर्डात चूक झाली की आम्ही लिहून ठेवायचो," सिस्टर म्हणाल्या, "वेळेसकट."  माफ केलं की नाही ते मला कळलं नाही; आत्यालाही कळलं नसावं.

मग आत्याने तिची अट सांगितली. बाहेरची वीज नाही, छतावरच्या सोलरवर ताडपत्री, आणि फ्रिज, पंखा, यंत्र दहा तास सलग. यंत्र नुसतं चालू ठेवून चालणार नाही, मास्क लावलेला माणूस हवा. सरांनी लगेच चपला काढल्या. म्हणाले, मी तीस वर्षं भूगोल शिकवून वर्गाला झोपवलं, आज माझी पाळी. आणि खरंच मास्क लावून पलंगावर आडवे झाले.

तो दिवस फार लांब होता. दर अर्ध्या तासाने पंप चालवायचा, बादली भरायची, मीटर बघायचा. आत्या गाडीच्या पायरीवर बसली, सिस्टर आत पलंगाजवळ. मध्ये एकदा दोघींनी चहा घेतला. अकराच्या सुमाराला सर खरोखर झोपले. यंत्राचा आवाज संथ होता, दूरवर कुणी अंगण झाडत असावं तसा. दोन वाजता फ्रिज घुरघुरला. आत्याची मान वर झाली. यंत्र चालूच राहिलं. दिवे पांढरे होते.

पावणेचारला मी आत डोकावले. सिस्टर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. हात मांडीवर, डोकं कपाटाला टेकलेलं. कित्येक आठवडे पहाटे तीनला उठणारी बाई भर दिवसा, नवऱ्याच्या छातीकडे न बघता झोपली होती. आत्यानेही पाहिलं. तिने मला खुणेने मागे सरायला सांगितलं आणि पंपाची पाळी तेवढी चुकवली, आवाज होईल म्हणून. दहा तासांत चुकवलेली ती एकच.

पाच वाजता यंत्र बंद केलं तेव्हा बॅटरीत निम्म्याहून जास्त वीज शिल्लक होती. सिस्टरांनी आकडा स्वतः वाचला, कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिला आणि वर्कशॉपच्या फोनवरून शनिवारच्या माणसाला कळवलं की येऊ नका. सर तोवर टायरच्या जाहिरातीसमोर उभे राहून वडिलांना तो डोंगर कुठला आणि त्याच्या पायथ्याची नदी कुठे जाते ते सांगत होते. वडील ऐकत होते. त्यांना दुसरा इलाजही नव्हता.

मग आत्या पुन्हा गाडीखाली गेली आणि तिने नेलपॉलिशची रेघ ओढली.

गाडी फाटकाबाहेर वळल्यावर वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फाटक लावायला निघाले. आत्याने त्यांना थांबवलं. गेल्या वर्षी त्या आठवड्यात आपण अजून तीन गाड्यांचा तळ रंगवला होता, असं ती म्हणाली. तिघांनाही बोलवायचं आहे. वडील म्हणाले, त्यांची काही तक्रार नाही, ताई. उगाच झाकली मूठ कशाला उघडायची?  आत्या फोनकडे गेली.

पहिल्या दोघांनी येतो म्हटलं. तिसरा गृहस्थ म्हणाला, माझी गाडी झकास चालली आहे. आत्या म्हणाली, म्हणूनच आणा.

त्यातली पहिली गाडी सोमवारी सकाळी आली. मालक चहा पीत बसला. आत्याने बाहेरची वीज जोडू दिली नाही. सगळे दिवे, पंखा, पंप चालू केले, मगच ती गाडीखाली गेली, आणि मी विजेरी धरली. पायरीच्या मागे बोल्ट, बोल्टवर नट, नटावर तिची लाल रेघ. रेघ अखंड होती.

आत्याने तिच्यावर पाना लावला.