ताईच्या पायांसाठी सायकल

समजा, तुमच्यासमोर सायकलची एक उघडी फ्रेम शिकंज्यात धरून ठेवली आहे. साध्या सायकलीत दोन पेडलांच्या मधोमध नुसतं गोल भोक असतं. इथे एक कोंदण आहे, आणि अंगठीत खडा बसतो तशी त्यात मोटार बसवायची आहे. वेल्डिंगच्या आचेनं कोंदणाची एक कड केसभर आत ओढली गेली आहे. हातात बारीक कानस घ्या आणि ती कड घासा, पण तेवढीच. कमी घासलीत तर मोटार तिरकी बसेल आणि चेन जन्मभर कुरकुरेल. जास्त घासलीत तर बोल्ट खेळायला लागतील आणि सहा दिवसांची मेहनत भंगारात जाईल. ॲल्युमिनियम इतकं पातळ आहे की चुकीला माफी नाही. चारदा कानस ओढा, बोटानं चाचपा, पुन्हा दोनदा ओढा. एव्हाना तुमचं मनगट दुखायला लागलं असेल. ग्रॅममास्तरांचं एकतीस वर्षं दुखतंय.

हे नाव कारखान्यानं ठेवलेलं. कुठलीही वस्तू हातात आली की मास्तर आधी ती काट्यावर ठेवतात. वेल्डरनं एकदा आपल्या लग्नाची पत्रिका दिली, तर मास्तरांनी ती उघडायच्या आधी तळहातावर तोलली आणि म्हणाले, "कागद जरा जाड घेतलास." हा वेल्डर म्हणजे पैलवान. एकशे दहा किलोंचा गडी, आणि कारखान्यातल्या प्रत्येक नव्या सायकलची परीक्षा घेण्याचं काम त्याच्याकडे. मागच्या अंगणात सिमेंटचा एक उभा चढ बांधला आहे. पैलवान त्यावर सायकल घालतो आणि वर पोचला की ओरडतो, "मी चढलो म्हणजे जग चढलं!" त्यानंतर त्या सायकलीवर पास असा शिक्का बसतो. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

या वेळची सायकल मात्र विकायला नव्हती. ती मास्तरांच्या थोरल्या बहिणीसाठी होती.

ताई अठ्ठावन्न वर्षांची. आरोग्य केंद्रात नर्स, घरोघरी जाऊन जखमा बांधणारी. तिच्याकडे वरच्या वस्तीतली घरं होती आणि वस्तीला जायचा रस्ता सगळा चढाचा. साध्या सायकलीनं जाता जाता तिचे गुडघे गेले. उशीर व्हायला लागला तशा तक्रारी आल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, एक तारखेपर्यंत काही सोय झाली तर ठीक, नाहीतर वस्ती दुसऱ्या कुणाला देऊ आणि तुम्ही स्टोअर सांभाळा.

"म्हणजे कापसाचे गठ्ठे मोजत बसायचं," ताई म्हणाली. "छोट्या, पस्तीस वर्षं माणसांना हात लावला रे मी. आता कापसाला लावू?"

छोट्या म्हणजे मास्तरच. डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही, पण ताईसाठी ते अजून छोट्या.

तिच्या खोलीला सतरा पायऱ्या होत्या आणि सायकल रोज वर उचलून न्यावी लागे. बाजारातल्या मोटारीच्या सायकली पंचवीस किलोंच्या, म्हणजे तिच्या निम्म्या वजनाच्या. म्हणून मास्तरांनी कामानंतर थांबून ही हलकी सायकल रचली. नळ्या पातळ घेतल्या, बॅटरी खालच्या नळीच्या पोटात लपवली, स्टँड लावलाच नाही. हँडलवरचा आकडे दाखवणारा पडदा आणि मदत कमी-जास्त करायचं बटणही काढून टाकलं. एकशे चाळीस ग्रॅम वाचले. "चढ आला की जोर मारायचा, बाकीचं मोटार बघेल. बटण कशाला हवंय?" ते म्हणाले. सायकल भरली चौदा किलो सहाशे. पैलवाननं ती एका बोटावर उचलून दाखवली, अंगणातला चढ गाणं म्हणत चढला आणि शिक्का बसला. मग मास्तर स्वतः चढले. कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं त्यांना वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

रविवारी ताईला वस्तीच्या रस्त्यावर नेलं. ती निघाली, वीस-पंचवीस पावलं मजेत गेली, मग मंदावली, मग डगमगली आणि खाली उतरली.

"काय झालं?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"अगं, जोर मार की!"

"जोर असता तर तुझी सायकल कशाला लागली असती?"

मास्तर हिरमुसले. त्यांना वाटलं, मोटार बिघडली. सोमवारी त्यांनी ती कोंदणातून काढली, बेअरिंग तपासलं, तारा तपासल्या, पुन्हा बसवली. पैलवान चढला. मास्तर चढले. ठणठणीत! मग त्यांनी मोटारवालीला बोलावलं. ही पोरगी कारखान्यात नवी, मोटारीनं कधी किती जोर लावायचा याचं गणित तिच्याकडे.

"मास्तर, ताईंचं वजन किती?"

"अठ्ठेचाळीस. तेच तर! एकशे दहाच्या गड्याला जी वर नेते, ती अठ्ठेचाळीसला का नेत नाही?"

"कारण ती वजन बघतच नाही. पेडलच्या दांड्यात सेन्सर आहे. तुमचा पाय जेवढा दाबेल त्याच्या दुप्पट मोटार देते. पैलवान पन्नास देतो, त्याला शंभर मिळतात. ताई दहा देत असतील, त्यांना वीस मिळतात."

मास्तर शिकंज्याला टेकून उभे राहिले.

"म्हणजे ज्याच्या पायात आधीच ताकद आहे, त्याला जास्त?"

"हो."

"आणि आम्ही परीक्षेला कुणाला बसवत होतो? पैलवानला."

"मला कशाला मधे घेता?" पैलवान पलीकडून ओरडला. "मी तर पास झालो!"

पैलवानच्या भरवशावर पास केलेल्या किती सायकली मास्तरांनी मनातल्या मनात मोजल्या कोण जाणे. जड माणूस चढला की हलका चढणारच, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की आजवर कधी तपासून बघावंसंच वाटलं नव्हतं. एकाही दमलेल्या माणसाला त्यांनी त्या चढावर चढवलं नव्हतं.

मोटारवालीनं दुप्पटीचं पाचपट केलं. ताईनं सपाट रस्त्यावर पहिलं पेडल मारलं आणि सायकल तिला घेऊन उधळली. ताई कशीबशी सावरली. पट्ट्यांची पिशवी रस्त्यावर, आणि ती भिंतीला धरून उभी. "छोट्या, मला वस्तीत जायचंय, वर नाही जायचं," ती म्हणाली.

शेवटी बटण परत आलं. सपाटीवर कमी, चढावर जास्त. पडदा नाही, पण तार आणि बटण मिळून नव्वद ग्रॅम वाढले. मास्तरांनी काट्यावरचा आकडा पाहिला आणि सायकल खाली उतरवली.

एक तारखेला सकाळी ताई वस्तीत गेली. मास्तरांनी कामावर उशिरा येतो म्हणून सांगितलं होतं. ते चढाच्या तळाशी उभे. ताईनं चढ सुरू व्हायच्या आधी अंगठ्यानं बटण दाबलं, मोटारीचा बारीक आवाज आला, आणि ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मास्तर तिथेच एका कट्ट्यावर बसले. आनंद व्हायला हवा होता, पण अंगात त्राण नव्हतं. सहा आठवड्यांचा शीण एकदमच अंगावर आला. डॉक्टरीणबाईंनी दुपारी निरोप पाठवला, वस्ती ताईंकडेच राहील.

पण वस्तीतल्या तीन घरी संध्याकाळीही जखमा बांधायच्या असतात. पहिल्या संध्याकाळी ताई अर्ध्यात उतरली. दुसऱ्याही. तिसऱ्या दिवशी ती तडक कारखान्यात आली, सायकल भिंतीला लावली आणि मास्तरांच्या स्टुलावर बसली.

"सकाळी ही मला ओळखते. संध्याकाळी ओळख दाखवत नाही."

"बटण दाबतेस ना?"

"दाबते. सकाळी दाबते. संध्याकाळी डोक्यात पुढची तीन घरं असतात, कुणाची जखम चिघळलीय ते असतं. बटण आठवतं तेव्हा मी खाली उतरलेली असते. आणि आठवलं तरी पाय इतके गळालेले असतात की दहाच्या जागी पाचच दिले जातात. मग ती तरी काय देणार?"

मोटारवाली म्हणाली, "चढाचा कोन ओळखणारा सेन्सर बसवता येईल. आपोआप मदत वाढेल."

"पण चढ सकाळीही तोच आणि संध्याकाळीही तोच," मास्तर म्हणाले. "बदलतात ते पाय."

"मग नाडी मोजणारा पट्टा बांधू मनगटाला?"

"मी दिवसभर लोकांच्या नाड्या बघायच्या," ताई म्हणाली, "आणि सायकलनं माझी बघायची? घामानं आणि साबणानं तो पट्टा दोन दिवस टिकणार नाही, पोरी."

पुढच्या आठवड्यात संध्याकाळची तीन घरं एका तरुण नर्सकडे गेली. तिच्याकडे स्कूटर आहे. सकाळची वस्ती ताईकडे राहिली. ती कुरकुरत नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्या तीन घरांतल्या एका म्हातारीला नव्या पोरीचा हात गार लागतो म्हणे." आणि मग विषय बदलून तिनं मास्तरांच्या मनगटाला मलम चोळून दिलं.

मास्तरांनी कारखान्यात एक गोष्ट बदलली. आता पैलवाननंतर प्रत्येक सायकल संध्याकाळी साडेपाचला, पाळी संपताना, कुणातरी दमलेल्या माणसाकडून चढावर चढवून घेतात. बहुतेकदा हिशेबनीसबाईंकडून. त्या चिडचिड करतात आणि निम्म्या सायकली नापास होतात. मालक विचारतो की हा काय नवा ताप, तर मास्तर पुढची सायकल चढाकडे ढकलतात.

पण त्यानं ताईच्या संध्याकाळचं उत्तर मिळालेलं नाही. मोटारवालीनं एक कागद समोर ठेवला होता. त्यावर दोन रेघा होत्या, ताईच्या पायाचा संध्याकाळचा दाब आणि एका निवांत फिरणाऱ्या माणसाच्या पायाचा दाब. दोन्ही रेघा सारख्याच खालून, सारख्याच सावकाश जाणाऱ्या. मास्तरांनी चष्मा पुसून तो कागद खूप वेळ पाहिला. रोज चहाच्या सुट्टीत ते तो खिशातून काढतात, घडी मोडतात आणि ज्याला त्याला तेच विचारतात. जोर कमी लागतोय, कारण माणसाला घाई नाही, की जोर कमी लागतोय, कारण त्याच्यात आता काही उरलेलंच नाही, हे मोटारीनं नुसत्या पायावरून ओळखायचं कसं?