टोमण्यांची पेटी आणि आमची गाडी

नवीन रोलर कोस्टर कधी बांधायचा हे कोणीतरी हुशार माणूस विचार करून ठरवतो, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. मी सतरा वर्षं पुण्याबाहेरच्या एका मनोरंजन पार्कात देखभाल खात्यात काढली. आमच्याकडे ते माझ्या जिभेमुळे ठरलं. अजून राग येतो. साहेबांचा येतो, लोकांचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

रोलर कोस्टरला आम्ही कामगार नुसतं गाडी म्हणायचो. एक चढ, दोन उतार, एक वळण, संपलं. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी मी रिकाम्या गाडीत शेवटच्या सीटवर बसून एक फेरी मारायचो. कुठलं चाक कुरकुरतंय ते मला डोळे मिटून कळायचं. बायको म्हणायची, "अहो, घरातला पंखा सहा महिने कुरकुरतोय, तो नाही ऐकू येत तुम्हाला?" नव्हता येत.

गर्दी ओसरली, एकदा येऊन गेलेले लोक परत येईनासे झाले, की मालक नवीन गाडीचं बोलायला लागायचे. पण आमच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पार्किंग. नवीन उभी करायची तर जुनी पाडूनच. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की लोकांना जुनी अजून आवडते का.

त्यासाठी फाटकापाशी अभिप्रायाची पेटी ठेवली होती. आता पुणेकराला कागद, पेन आणि मत विचारणारा कोणी मिळाला की काय होतं, ते मी सांगायला नको. "अतिशय थरारक गाडी. थरार कधी सुरू होणार याच काळजीने जीव मुठीत धरला होता." "फार सुंदर. सासूबाईंची वामकुक्षी निर्विघ्न पार पडली." "अशीच ठेवा. पुढच्या पिढ्यांना पुरातन वास्तू बघायला मिळेल." पासावर फुकट येणार, घरचा डबा लपवून आत आणणार आणि वर हा आगाऊपणा! सतरा वर्षांत या गाडीवर कोणाला साधं खरचटलं नाही, हे एकाही शहाण्याने लिहिलं नाही.

पेटी उघडायचे आमचे नवीन साहेब. दुसऱ्या राज्यातून आलेले, क्लास लावून मराठी शिकलेले आणि त्याचा कोण अभिमान! दिवाळीआधीच्या मीटिंगमध्ये ते मालकांसमोर उभे राहिले आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला लागले. प्रत्येकीचे पहिले दोन शब्द वाचायचे आणि चिठ्ठी बाजूला. "अतिशय थरारक! फार सुंदर! अशीच ठेवा!" मग म्हणाले, "सर, लोकांचं या गाडीवर प्रेम आहे. नवीन गाडीची इतक्यात गरज नाही."

मालकांनी मान डोलावली. संपला विषय. माझी गाडी वाचली होती. मी फक्त गप्प बसून समोरचा चहा प्यायचा होता. पण समोरचा माणूस धडधडीत चुकीचा अर्थ लावतोय आणि आपण तो दुरुस्त करायचा नाही, हे कसबा पेठेत वाढलेल्या माणसाला जमतं होय?

"अहो साहेब," मी म्हणालो, "पुढचंही वाचा की. हे कौतुक नाही, टोमणे आहेत."

"टोमणे म्हणजे?"

"म्हणजे लिहिलंय त्याच्या बरोबर उलट समजायचं. पुण्यात 'फार सुंदर' म्हणाले की समजा भिकार."

झालं, मी सुरूच झालो. त्यांच्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या आणि एकेक उलगडून सांगायला लागलो. वामकुक्षी म्हणजे काय, गाडीला पुरातन वास्तू का म्हटलंय, सगळं. लोक हसत होते आणि मला चढत होतं. अर्धा तास मी माझ्याच गाडीची अब्रू वेशीवर टांगत होतो. मान वर केली तेव्हा दिसलं, मालक हसत नव्हते.

"म्हणजे एकालाही आवडत नाही," ते म्हणाले. "मग पाडून टाकू. नवीन मागवा."

कपाळ माझं! नाही नाही, तसं नव्हतं म्हणायचं, असं काहीतरी मी पुटपुटलो. तोवर खुर्च्या सरकल्या होत्या.

मी साहेबांना जिन्यात गाठलं. आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते, ते तिथे जोडले. "साहेब, पाडू नका. माझा जीव आहे त्या गाडीत. मालकांना तुम्हीच सांगू शकता." एक शब्द वाकडा नव्हता त्यात.

साहेबांनी खो खो हसत माझ्या पाठीवर थाप मारली.

"समजलं! उलट समजायचं ना? म्हणजे गाडी पाडायची सगळ्यात जास्त घाई तुम्हालाच आहे!"

वर जाऊन त्यांनी मालकांना तसं सांगितलंही. पाडायचं काम माझ्याच खात्याकडे आलं. पहिला नट मीच सोडवला, कारण तिथे पाना कुठून घालायचा हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.